मागच्याचं पाणी

"वयनी, हिला अजून बंब पेटवता येत नाय. ही एकटी काय राहनार?"

आत्या मागच्या पडवीत आईला म्हणत होती आणि मी आतल्या खोलीत बॅगेची चेन लावत होते. "तितं बटन असतंय," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी बाहेर आले तेव्हा आई पाठमोरी बसून बंबातली राख काढत होती. राख सकाळीच काढून झाली होती. मी पाहिलं होतं.

मोरा या आमच्या किनाऱ्यावरच्या गावाहून तासाभरावरच्या उलव्याला जाण्याला कुणी घर सोडणं म्हणत नाही. माझ्या वर्गातले काहीजण दुबईला, कॅनडाला गेले. त्यांनी घरची आठवण येते म्हटलं तर सगळे हळहळतात. मी सकाळच्या शिफ्टसाठी दोन मुलींबरोबर फ्लॅट घेतला, तर बाबा म्हणाले, "उलवा काय परदेश हाय?" तुमच्यापैकी जे असे जवळच्या जवळ गेलात, त्यांना कळेल. आठवण येते हे सांगायलासुद्धा थोडं अंतर लागतं.

आमचा बंब तांब्याचा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी. नारळाची सोडणं आणि मोडलेल्या होडीच्या फळ्या त्यात जात. मीठ मुरलेलं लाकूड निळसर जळायचं. बाबा समुद्रावरून यायच्या सुमारास पाणी कढत असायचंच. तोटीतून बादलीभर काढलं की वरून बादलीभर थंड ओतायचं, हा नियम. नाहीतर बंब रिकामा तापून सांधे सुटतात. मी विसरले की आई ओरडायची, "ऊन पानी घेतलंस, मागच्यानं काय करायचं?" ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी, निखारे विझल्यावर, कोमट पाण्याने अंघोळ करायची.

इथे गीझर आहे. लाल दिवा लागतो, पाणी तापलं की आपोआप जातो. एकदा बिल्डिंगची टाकी रिकामी झाली आणि गीझर गरम पाण्याने भरलेला असूनही नळाला थेंब येईना. मी मोबाइलवर शोधलं. खालून थंड पाणी आत शिरतं, तेच वरचं गरम बाहेर ढकलतं. म्हणजे इथेही गरमच्या बदल्यात थंड घालावंच लागतं, फक्त ते घालणारं माणूस नाही. आम्ही तिघी आपापलं बटन दाबतो, आपापलं बंद करतो. कोण कधी न्हालं, कुणाला कळतही नाही.

आई आठवड्यातून दोनदा माझ्या बिल्डिंगसमोरच्या बाजारात मासळी विकायला येते. मी खाली जाऊन तिच्याशेजारी बसायचे. वर चल म्हटलं की म्हणायची, "नको गं, तुज्या लिफ्टला वास लागंल." तिने एक रात्र तरी माझ्याकडे राहावं, एवढंच मला हवं होतं. पण 'वर चल'च्या पुढे माझी जीभ जात नव्हती.

गेल्या रविवारी परतीचा टेम्पो उशिरा येणार होता, म्हणून ती वर आली. दोघी मैत्रिणी गावी गेल्या होत्या. मी गीझर लावला, टॉवेल दिला. थोड्या वेळाने आतून हाक आली.

"बाय, थंड कुटं ओतू?"

"कशाला?"

"मी ऊन घेतलंय ना. तू न्हायची हायस."

"ओतायला नाही लागत, आई. आपोआप भरतं."

"आपोआप?" तिने तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. "मंग मागच्यासाटी काय करायचं?"

"काहीच नाही."

"काईच नाय?" ती हसली. "मंग आमची गरजच नाय इतं."

मी दाराबाहेर उभी होते. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आधी मोरा म्हणायचे, मग पडवी, मग बंब. त्या दारापाशी कळलं की यातलं काहीच नाही. माझ्या आधी अंघोळीला गेलेलं आणि तिथून माझा विचार करणारं कुणीतरी, इतकंच.

ती बाहेर आली ती केस पिळतच. फोन वाजला, टेम्पोवाला खाली आला होता. "चल गं," म्हणत तिने टोपली उचलली. मी टोपलीची दुसरी कड धरली आणि सोडली नाही.

"आई, नको ना जाऊस. मला खूप आठवण येते."