रविवारची मरळ

धरणात गाळ साठतो तसे आमच्याकडे किस्से साठतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. पाऊस ओसरला, पाणी निवळलं की कळतं, बापरे, यंदा बरेच साठले!

मी अमेरिकेत तलावांचं पाणी आणि त्यातले मासे शिकले. तिथे शरद ऋतूत मोठ्या धरणांवर जत्रा भरते. झाडं लाल होतात, पाणी गार होतं, छोटे मासे झुंडीने ओढ्यांच्या मुखात शिरतात आणि बास नावाचा शिकारी मासा त्यांच्या मागे लागतो. बासच्या मागे माणसं, चकचकीत बोटी घेऊन. मासा पकडतात, वजन करतात, फोटो काढतात आणि पाण्यात परत सोडतात. गोव्याला परतताना माझ्या डोळ्यांसमोर हेच चित्र होतं. बासच्या जागी आपली मरळ, ओढ्याच्या जागी आपला व्हाळ. बाकी सगळं तसंच!

प्रत्यक्षात लाटंबार्सेच्या पलीकडच्या धरणावर मला सापडले एका छत्रीखाली दाटीवाटीने बसलेले तीन पुरुष. पहिले दिगूमाम, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, माझ्या बाबांचे मित्र. दुसरे मास्तर, आमच्याच पार्से गावचे, तेही निवृत्त, पण शिकवणं अजून सुटलेलं नाही. तिसरा शाणूदादा, मूळ दोडामार्गचा. खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली, टिपर विकला आणि माणूस मोकळा झाला. तिघं दर रविवारी गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, येतात आणि मिळेल ते घरी नेऊन खातात. अमेरिकेत मासा धरून सोडतात हे ऐकून शाणूदादाने मला विचारलं, "तिकडे माशाच्या तिखल्यात घालूक लोकांका तिरफळा मिळत नाय काय गो?"

माझं स्वप्न साधं होतं. धरणात मोठ्या मरळी जगल्या तर केरीच्या किनाऱ्यावर येणारे पाहुणे डिचोलीपर्यंतही येतील. गावच्याच लोकांनी त्यांना होडीतून न्यावं, मासा पकडायला आणि सोडायला शिकवावं. बाबा म्हणाले, "आधी एका गोंयकाराला तरी मोठा मासा सोडायला लाव!" तेवढ्यावर करार झाला. दिवाळीपर्यंत या तिघांपैकी एकाने तरी मोठी मरळ आपल्या हाताने सोडली, तर मी इथे राहणार. नाहीतर तिकडच्या विद्यापीठात माझी जागा होती. प्रोफेसर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते.

* * *

पहिल्याच रविवारी मी पाण्यात थर्मामीटर सोडला आणि छोटं भाषण दिलं. शरदात पाणी गार होतं, मग मासे व्हाळाच्या तोंडाशी येतात, आपण तिथे दबा धरायचा.

ऑक्टोबरचं ऊन असं होतं की छत्रीची काडी हाताला चटके देत होती. थर्मामीटर वर वर चढत होता. मी दर थोड्या वेळाने वाचून दाखवत होते आणि तिघं माना डोलवत होते.

शेवटी दिगूमामनी टोपी पाण्यात बुडवून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बाय, पाणी थंड होईपर्यंत आम्हीच थंड होऊ! तुझे मासे कुठे वस्तीला गेलेत तेवढं बघ."

मासे सावलीला होते, कमळाच्या पानांखाली. आम्हीही तिकडच्याच झाडाखाली सरकलो. माझा सिद्धांत तेवढा उन्हात राहिला.

* * *

मरळीला बेडूक आवडतो. म्हणून मी तिकडून रबरी बेडकांचा डबा आणला होता. पानांवरून टुणटुण ओढत नेला की मरळ खालून झडप घालते.

मास्तर डबा उघडून बघताहेत तोच वनखात्याचा एक गार्ड मोटरसायकल थांबवून खाली उतरला. गोव्यात बेडूक धरणं गुन्हा आहे हे शेंबडं पोरही जाणतं. मास्तरांनी डबा झटकन मांडीखाली लपवला. झालं, संशय पक्का!

"काय आहे त्यात?"

"बेडूक," मास्तर म्हणाले. शाळेत खोटं न बोलण्याचा धडा त्यांनी फार वर्षं शिकवला होता.

मी घाईघाईने सांगितलं, "रबराचे आहेत!" गार्डने एक उचलला, उलटा केला, पोट दाबलं. तरी त्याची खात्री पटेना. इतका हुबेहूब!

तेव्हा शाणूदादा मध्ये पडला. "सायब, ह्यो इंपोर्टेड बेडूक. आपलो न्हय. ह्येका मराठी येणा नाय."

गार्ड हसत हसत निघून गेला. जाताना एक बेडूक मुलासाठी मागून घेऊन गेला.

* * *

मी एक छोटी होडी भाड्याने मिळवली. वल्हं शाणूदादाकडे, गरी माझ्याकडे. मी बजावून सांगितलं, शिकार शांतपणे करायची, मासे आवाजाने बिथरतात.

जाताना शाणूदादा मांजरीसारखा गेला. पण एका खडकाजवळ होडी मागे घ्यायची वेळ आली आणि काठावरच्या दिगूमामना राहवेना. बसवाला तो! उभे राहून, हात हलवत, टिपेच्या आवाजात, "येवंदे... येवंदे... लेफ्ट मार... येवंदे... बऽऽस!"

टिपरवाल्यानेही सवयीने मान मागे वळवून तेवढ्याच जोरात विचारलं, "मागे गाडी नाय मां?"

सगळ्या धरणावरचे बगळे उडाले. मी कपाळाला हात लावला आणि त्याच क्षणी माझी गरी खाली खेचली गेली. छानपैकी मरळ!

आता गरी टाकण्याआधी तिघंही हळूच "येवंदे" म्हणतात. मीही म्हणते. विज्ञानात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही.

* * *

ती मरळ मी काठावर आणून मोजली, फोटो काढला आणि पाण्यात सोडली.

छत्रीखाली तिघंही उठून उभे राहिले. शाणूदादाने टोपी काढून हातात धरली. दिगूमाम ती गेली त्या जागेकडे बघत राहिले आणि खोल आवाजात म्हणाले, "झणझणीत तिखलं झालं असतं."

मी समजावलं. मोठी मादी म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली हजारो पिल्लं. ती खाल्ली की आपण पुढचे सगळे रविवार खाल्ले. मास्तरांना हे पटलं. म्हणाले, "मी शिक्षक माणूस. आधी स्वतः करून दाखवायला हवं. पुढच्या रविवारी मी सोडणार!"

पुढच्या रविवारी त्यांनी मला हाक मारून उभं केलं, शाणूदादाला फोटो काढायला लावला, बोटाएवढा एक मासा ओंजळीत धरला, डोळे मिटले आणि पाण्यात सोडून दिला. "बघ बाय, सोडला!"

"सर," मी म्हटलं, "ते तुमचं आमिष होतं!"

बाबांना तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ मासा शोधला.

* * *

माझ्याकडे एक यंत्र होतं, पाण्यावर तरंगणारा चेंडू. तळ कसा आहे हे तो मोबाईलवर दाखवतो. कालव्याला पाणी सोडलं की धरण उतरतं आणि मासे उथळ गवतातून सरकून पाण्याखालच्या कुठल्यातरी कडेला येतात, हे मी शिकले होते. ती कडा मला शोधायची होती.

स्क्रीनवर एक लांब, सपाट पट्टी आली. मध्येच उंचवटा. मी म्हटलं, "इथे तळाला काहीतरी बांधलेलं आहे."

दिगूमामनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि ओरडलेच, "अगे, हा तर माझा रूट!"

धरण होण्याआधी याच रस्त्याने त्यांची बस जायची. उंचवटा म्हणजे व्हाळावरची मोरी, छोटा पूल. तिच्या अलीकडे फणसाखाली स्टॉप होता. तिथे रोज एक म्हातारी चढायची आणि गाडी सुटली की पिशवी विसरली म्हणून थांबवायची. त्या वाटेवरचे वाडे-वस्त्या आता पाण्याखाली, माणसं दुसरीकडे वसलेली.

आम्ही होडी मोरीवर नेली. माझ्या मोबाईलवर कडा दिसत होती, त्यांना आख्खा गाव दिसत होता. "ही शाळा... हे वळण, जपून... आता मोरी. उतरणारे पुढे या!"

मी बेडूक सोडला. दुसऱ्याच खेपेला झडप! त्या सकाळी आम्हाला तिथे चार मरळी मिळाल्या. माझी मी सोडली. उरलेल्या तिन्ही तिघांच्या घरी जेवायला गेल्या. दिगूमामच्या बायकोने, आमच्या मामींनी, तिरफळं घातलेलं तिखलं माझ्यासाठी डब्यातून पाठवलं. मी खाल्लं. फार चांगलं झालं होतं, तेच दुःख!

दिवाळी जवळ येत चालली होती. प्रोफेसरांनी विचारलं, काय ठरलं? मी उत्तर लिहायला बसले आणि एक ओळ लिहून थांबले.

* * *

दिवाळीआधीचा आमचा शेवटचा रविवार; पुढचा फराळ आणि साफसफाईत जाणार होता. मनातून मी हरले होते. कमळांच्या कडेला दिगूमामनी हळूच "येवंदे" म्हटलं आणि बेडूक टाकला. पाणी फुटल्यासारखा आवाज झाला.

ती मरळ काठावर यायला इतका वेळ लागला की मास्तर समालोचन करायचं विसरले. हातभर लांब, काळीहिरवी, सापासारखं डोकं. या धरणावर एवढी मोठी कुणीच पाहिली नव्हती. शाणूदादाने तिला पाणी भरलेल्या बालदीत सोडलं तर शेपूट बाहेरच राहिली.

दिगूमामनी घरी फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. "अगो, माशाचं वाटप वाटून ठेव! नारळ दोन घे!"

पलीकडून मामींचा आवाज आला, "कसलं वाटप? आज संकष्ट!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रविवार म्हणजे माशांचा वार, पंचांग कोण बघतो!

"कॅलेंडर भिंतीवर आसा," मामी म्हणाल्या. "त्याच्यावर तुम्ही बनियन टांगून ठेवल्यात. आज घरात शिवराक. माशाचं खवलं उंबऱ्याच्या आत आलं तर तुम्हीही बाहेर!" फोन बंद.

"उद्या करू," शाणूदादा म्हणाला.

"उद्या सोमवार," मास्तर म्हणाले. या तिघांच्याही घरी सोमवारी मासे शिजत नाहीत.

"मग परवा! मरळ चिवट. बालदीत दोन दिस आरामात जगता. माझ्या खोलीर ठेवतंय, मामा."

तोडगा चोख होता. मी माझी गरी गुंडाळायला लागले. बोलण्यासारखं सगळं महिनाभर बोलून झालं होतं.

दिगूमाम बालदीशेजारी उकिडवे बसले. मरळ वर आली, तोंडाने हवा घेतली, परत खाली गेली. पुन्हा वर आली. ते बघत राहिले. मग उठले, बालदी दोन्ही हातांनी उचलली आणि गुडघाभर पाण्यात चालत गेले. आम्हाला वाटलं पाणी बदलताहेत. त्यांनी बालदी आडवी केली. मरळ क्षणभर त्यांच्या पायाशी थांबली आणि कमळांच्या खाली निघून गेली.

"दिगू!" मास्तर ओरडले. "हे काय केलंस?"

दिगूमामनी बालदी विसळली, पालथी करून झटकली आणि चपला शोधायला लागले. "चला. चंद्र उगवायच्या आत घरी पोचायला हवं. त्या दोन नारळांचे मोदक व्हायचेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी प्रोफेसरांना कळवलं की मी येत नाही. मग आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला, दिवाळीनंतर गरवायला रविवारी नाही, सोमवारी जायचं.