भिंतीवरचा नकाशा

अंबरनाथच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. पाचवीतल्या एका मुलीने वहीत आजोबांचा देश ‘लॅटव्हिया’ लिहिला. भिंतीवरच्या नकाशात तो नव्हता, म्हणून मी लाल फुली मारून ‘रशिया’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. रशियन फौजा घुसल्यावर देश सोडलेला, इथे कारखान्यात फिटर झालेला, मालवणी बायकोचीच भाषा बोलणारा गोरा म्हातारा. टोपी काढून त्यांनी नकाशात समुद्राकाठी बोट ठेवलं.

"गुरुजी, चेडवाचा, माज्या नातीचा, चुकूक नाय. नकाशो चुकलो."

मी वर्गासमोर म्हणालो, "परीक्षेत नकाशाच खरा."

ते हात जोडून गेले.

पुढे ते वारले. मग सोव्हिएत संघ फुटला आणि शाळेत नवा नकाशा आला. त्यांनी बोट ठेवलं होतं तिथेच तो देश होता. नात तेव्हा दहावीत, पहिल्या बाकावर. मी नकाशा न उलगडताच तास घेतला.