पितृपक्षातले चार दिवस

भोपाळ नुकतंच राजधानी झालं होतं आणि माझी तिथे बदली झाली होती. इस्पितळातल्या त्या आयाचं नाव मी कधी विचारलं नाही. ओढणी कमरेला खोचून ती रोज माझ्या बायकोच्या पोटावर तळवा ठेवायची आणि डोळे मिटून थांबायची.

पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालेलं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सोमवार ठरवला. पितृपक्ष चालू होता, म्हणून बायकोला न सांगता मी शुक्रवार मागून घेतला.

आयाला ते कळलं. "पुराने टाँके हैं, बाबूजी. दर्द उठने से पहले करवा लो."

"चार ही दिन हैं. पितरों के दिन निकल जाने दो."

"मुर्दों को काहे की जल्दी?"

बुधवारी कळा सुरू झाल्या आणि जुनी शिवण आतून फाटली. बायको वाचली, मुलगी गेली. ते गाठोडं माझ्या हातात देताना आया म्हणाली, "तारीख आपने बढ़वाई, ये बाई को अभी मत बताना. टूट जाएगी."

तिने काही दिवसांचंच मौन मागितलं होतं. मी ते जन्मभर पाळलं. बायको गेल्या वर्षी गेली, ती डॉक्टरीणबाईंना दोष देतच.