शेवटी टीचरची पाळी

अ‍ॅग्नेस टीचर गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. सकाळी गॅलरीत बसून मी वाल सोलत होते आणि समोरच्या चर्चची घंटा वाजायला लागली. मिस्सेची, म्हणजे रोजच्या उपासनेची, घंटा वेगळी, सणाची वेगळी. माणूस गेल्यावरची घंटा एक ठोका पडून गेला की इतका वेळ गप्प राहते, की संपली असं वाटतं… आणि मग पुन्हा पडते. खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बाई मध्येच थांबली, तिने क्रुसाची खूण केली आणि पुन्हा घासाघीस सुरू केली. मी वाल तसेच टाकून चपला शोधायला लागले. आदल्या दुपारी मी टीचरच्या उशाशी होते, त्यामुळे घंटा कोणासाठी हे मला विचारावं लागलं नाही. ह्याला आता काही आठवडे झाले. प्रार्थनासभेत त्यांच्याविषयी सगळे चांगलं बोलले, शिस्तीच्या होत्या, श्रद्धाळू होत्या असं बोलले. पण इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून त्यांच्या पाठीमागे कुजबुज चालली होती, तिच्याविषयी कोणी तोंड उघडलं नाही. मला मात्र तेवढीच सांगायची आहे.

मी मूळची साताऱ्याकडची. नव्वदीच्या सुरुवातीला ह्यांनी वसईत फ्लॅट घेतला आणि चर्चच्या आवारातल्या मराठी प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यातली माणसं अजून रोज एकमेकांना भेटतात. माझा दुसरीचा वर्ग, शेजारचा तिसरीचा अ‍ॅग्नेस टीचरचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सुनावलं, "तुमचा वर्ग फार हसतो हो." मी म्हटलं, "तुमचा अजिबात हसत नाही, म्हणून शिल्लक हसू माझ्याकडे येतं." त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. माझ्या चतुर्थ्या माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात असत. त्या दिवशी त्या डबा घेऊन पार लांबच्या खिडकीत जाऊन बसत आणि तिथून ओरडून विचारत, "वास येत नाही ना?" बोंबिलाचा वास अख्ख्या वऱ्हांड्यात भरलेला असे. मी नाही म्हणायचे.

टीचर पाचूबंदरच्या, कोळ्यांच्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. शाळेत लागल्यावर आवारामागेच एक खोली घेऊन राहिल्या. आमच्याकडे बहुतेक मुलं बागायतदारांची, केळी-पानवेलीच्या वाड्यांमधली. धर्म एक, चर्च एक, पण वाडीतली माणसं आणि बंदरावरची माणसं ह्यांच्यात एक बारीकशी रेघ होतीच. टीचर नव्या होत्या तेव्हा एका पालकाने, "आमच्या पोराला मासळीवाल्या बाईच्या हाताखाली का बसवलं?" असं त्यांच्या देखत विचारलं होतं म्हणे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत. पण त्यातून त्यांनी स्वतःला एक सवय लावून घेतली होती. बंदरावरचं मूल वर्गात आलं की त्या त्याच्याशी सगळ्यात कडक वागायच्या. दुसऱ्याला एक धपाटा, तर आपल्यातल्याला दोन. आपल्या माणसांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणता कामा नये, हा त्यांचा धाक. लोकांच्या बोलण्याला ही बाई जितकी घाबरायची तितकी देवालाही घाबरत नसेल, असं मी चिडवायचे.

रविवारी मिस्सेनंतर त्याच वर्गात त्या धर्मशिक्षण घेत. पहिल्या कम्युनियनची तयारी. माझ्यासारख्यांसाठी सांगते, मिस्सेत पावाची एक पातळ पांढरी चकती प्रसाद म्हणून देतात, श्रद्धावंतांच्या लेखी ते ख्रिस्ताचं शरीर. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की ती पहिल्यांदा घेतं. ईस्टरनंतरच्या एका रविवारी गावातली सगळी मुलं एकदम. मुलींना पांढरे झगे, डोक्यावर जाळी, घरी मांडव आणि पाहुणे. लहानसं लग्नच. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशीची एक रीत होती. मुलं बाकांवरून एकेक करून वेदीपाशी जायची, आणि ज्या टीचरने शिकवलं ती सगळ्यात शेवटी जायची. शेवटचं मूल परत जागेवर बसल्याशिवाय तिने उठायचं नाही. आम्ही इतर शिक्षक धर्म कोणताही असो, मुलांवर लक्ष ठेवायला मागच्या बाकावर बसत असू. टीचर माझ्या शेजारी. शेवटचं मूल बसलं की पदर सारखा करून त्या उठायच्या आणि अशा ताठ चालायच्या, की मला वाटायचं ह्यांना आज पदक मिळणार आहे.

सेलिना तिसरीत आली ते वर्ष नव्वदीच्या मध्यावरचं. तिची आई बाजारात मासळी विकायची, मूळची पाचूबंदरची, टीचरच्याच आळीतली. नवरा नव्हता. बाजारामागच्या खोलीत दोन मुलींना घेऊन राहायची. रविवार म्हणजे मासळीचा मोठा दिवस, आई पहाटेच टोपली घेऊन बसणार, म्हणून धाकटीला सांभाळायला सेलिना घरी. धर्मशिक्षणाचे रविवार असे बुडत गेले. नियम होता की फार रविवार बुडाले तर त्या मुलाने पुढच्या वर्षी बसायचं. वाडीतल्या एक-दोघांचेही बुडाले होते, त्यांना टीचरने घरी बोलावून शिकवून घेतलं होतं, हे मला माहीत होतं. सेलिनाला मात्र नाही म्हणाल्या.

तिची आई मधल्या सुट्टीत आली. हाताला खवले तसेच चिकटलेले. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "टीचर, येवढ्या बारीला घ्या ना तिला. फराक शिवून झालाय. पोर रोज काडून बगते."

टीचर तिच्याशी बंदरावरच्याच बोलीत बोलल्या. एरवी शाळेत त्या ती बोली तोंडातून निघू देत नसत. "ऐतवारी आली नाय ती. मी घेतली तं उद्या लोक बोलतील, टीचरनं आपली पोर घेतली."

"मंग मी काय करू? ऐतवारी माजा बाजार. धाकटीला कोन बगल?"

"पुडच्या वर्षी," टीचर म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. फळा कोराच होता.

जूनमध्ये धर्मशिक्षणाचा नवा वर्ग सुरू झाला तो पहिल्या रविवारपासून सेलिना हजर. धाकटीला कडेवर घेऊन यायची. ती रडली तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसायची. मला गॅलरीतून दिसायचं. पोर वऱ्हांड्यात धाकटीला थोपटत उभी, आणि आतून प्रार्थनेचा आवाज आला की तिचेही ओठ हलायचे. टीचर मला एकदा म्हणाल्या, "सगळ्यांत आधी हिचं पाठ होणार बघा." मग पावसात वसईत कावीळ पसरली. सेलिनालाही झाली. चार रविवार ती आली नाही, आणि तरीही टीचरने नियमाचं नाव काढलं नाही, उलट दोनदा तिच्या खोलीवर जाऊन आल्या. ताप चढला तेव्हा आईने तिला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळाकडे नेलं. वाटेतच गेली. फादरना बोलवायला कोणाला सुचलं नाही, तेवढा वेळही नव्हता. मरणाच्या दारात असलेल्या लेकराला तयारी झालेली नसली तरी कम्युनियन देतात, हे टीचरना चांगलं ठाऊक होतं. ते मिळायचं राहून गेलं.

तिला तोच पांढरा झगा घालून पुरलं. वर्षभरात वाढेल म्हणून आईने त्याची दुमड सोडून घेतली होती, तो खाली पायांवर आला होता. आई रडत नव्हती. टीचर तिच्याकडे गेल्या, हात पुढे केला. आईने त्या हाताकडे पाहिलं आणि ती दुसरीकडे जाऊन उभी राहिली. बस्स. एवढंच.

पुढच्या ईस्टरनंतर मुलांची पहिली कम्युनियन झाली. टीचरने मुलं बसवताना पुढच्या बाकाचं दाराकडचं टोक रिकामं ठेवलं. सगळी मुलं जाऊन आली, फादर हातात पात्र घेऊन मागे बघत थांबले, आणि टीचर उठल्या नाहीत. मी कोपराने ढोसलं. त्या पुढे बघत राहिल्या. मला वाटलं तब्येत बिघडली. पण त्यानंतर त्यांनी कधीच कम्युनियन घेतली नाही. रोज मिस्सेला जायच्या, दर वर्षी मुलं तयार करायच्या. ज्या घरातलं मूल रविवारी येऊ शकत नसे त्या घरी स्वतः जाऊन शिकवायच्या, एकालाही मागे ठेवलं नाही… आणि स्वतः मात्र बाकावरच. इतक्या छोट्या गावात हे लपतं थोडंच! मोठं पाप कबूल केल्याशिवाय कम्युनियन घेत नाहीत, त्यामुळे टीचरच्या हातून काहीतरी मोठं पाप झालंय, कबूल करता येत नाही असं, अशी कुजबुज सुरू झाली. ज्या लोकांच्या बोलण्याला त्या जन्मभर घाबरल्या, त्यांना आता बोलायला आयुष्यभर पुरेल असं मिळालं.

मी शेवटी विचारलंच. म्हणाल्या, "रीत आहे ना हो. शेवटचं मूल गेल्यावर टीचरने जायचं. माझी एक राहिलीय." मी म्हटलं, फादरकडे पापनिवेदन केलंत ना? ते काय म्हणाले? "ते म्हणाले, देवाने क्षमा केली. केलीच असेल. त्याला काय, पोर त्याच्याकडे पोचली. जिच्याकडून गेली तिने कुठे केलीय?" मला त्यांचा राग आला. हा हट्ट आहे, असं मी तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "असेल." सेलिनाची आई बाजारात त्याच जागी बसत होती. टीचर तिच्याकडून मासळी घ्यायला जायच्या. ती मापून द्यायची, पिशवीत टाकायची, शब्द बोलायची नाही. इतकी वर्षं हे असंच चाललं.

ह्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात टीचरचं अन्ननलिकेचं दुखणं हाताबाहेर गेलं. आवाज गेला होता, पाणीही चमच्याने. फादर कम्युनियन घेऊन दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा टीचरनी मान हलवून नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी सरळ बाजारात गेले. सेलिनाची आई आता पार थकलीय, पण बसते. मी तिला म्हटलं, "टीचर जातायत. कम्युनियन घेत नाहीयेत. तुमच्यामुळे." तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि माझ्यामागून आली.

खोलीत फादर पुन्हा येऊन थांबले होते. आत शिरल्यावर तिने आधी टीचरकडे बराच वेळ पाहिलं. टीचरनी हात जोडले. त्या हातांत काही उरलं नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "माफ नाय केला मी. खोटा कशाला बोलू?"

फादर काही बोलायला गेले, तिने त्यांना हातानेच थांबवलं. मग वाकून टीचरच्या कानाशी म्हणाली, "पन तुमी घ्या. तुमी घेत नाय तंवर माजी पोर तिकडं बाकावरच बसलेली हाय. सगली गेली, ती येकली बसलेय. तिला उटू द्या."

टीचरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी तोंड उघडलं. फादरनी चकतीचा अगदी कणभर तुकडा चमच्यातल्या पाण्यात टाकून त्यांच्या जिभेवर ठेवला. गळा हलला… पण काय झालं कोण जाणे, पाणी ओठाच्या कोपऱ्यातून परत आलं. फादरनी ते पांढऱ्या कापडाने टिपून कापड घडी घालून ठेवलं. पुन्हा द्यायची सोय नव्हती, त्या खोकल्याने काळ्यानिळ्या पडल्या होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "फादर, गेला का तो कण आत?" ते म्हणाले, "मला माहीत नाही." मला ते खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

परवाच्या रविवारी मुलांची पहिली कम्युनियन झाली. मी निवृत्त झालेय, तरी गेले. मागच्या बाकावर माझ्या नेहमीच्या जागी बसले, आणि शेजारी टीचरपुरती जागा कशी सुटली ते मला कळलंही नाही. नव्या टीचरने पुढचा बाक टोकापर्यंत भरून टाकला होता, तिला बिचारीला काय माहीत! दाराकडच्या टोकाला एक जाडुली मुलगी सारखी डोक्यावरची जाळी सरळ करत बसली होती. मिस्सा सुरू झाल्यावर सेलिनाची आई आली. धुतलेलं लुगडं नेसून, पण बाजाराचा वास होताच. तिने ती सुटलेली जागा पाहिली आणि ती ओलांडून पलीकडे बसली. मुलं एकेक करून गेली, जाडुली मुलगी सगळ्यात शेवटी. नवी टीचर जाऊन आली. मग ही उठली. बाकीची मोठी माणसं अजून बसलेली, आणि ही म्हातारी एकटीच मधल्या वाटेने वेदीपर्यंत गेली, घेऊन आली, आणि परत त्या जागेच्या पलीकडे बसली.

मी न राहवून हळूच विचारलं, "केलंत माफ?"

"नाय," ती पुढे बघत म्हणाली. "टीचरची पाली ऱ्हायली होती."