चांगला पिस्टन घासणारा माणूस

दोन्ही कार्बोरेटर मी एकाच ट्रेमध्ये धुतले. चूक म्हणाल तर एवढीच. पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

माझी बाजू अशी, की आमच्या गॅरेजात आजवर येणाऱ्या ॲम्बॅसिडरला कार्बोरेटर एकच असायचा. एकाचे सुटे भाग मिसळून मिसळून कशात मिसळणार? समोर उभ्या असलेल्या इंग्लिश गाडीला दोन आहेत हे डोळ्यांना दिसत होतं, पण हातांना सवय एकाची. मी दोन्ही उघडले. दोन पिस्टन, दोन घुमट, सगळं पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने चकचकीत केलं. वाळत ठेवताना ध्यानात आलं, की कोणता पिस्टन कोणत्या घुमटातला हे आता फक्त एकच माणूस सांगू शकेल. तो म्हणजे १९५७ साली इंग्लंडात ते जोडणारा कामगार. आणि त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता.

या जातीच्या कार्बोरेटरमध्ये पितळी टोपीच्या घुमटाखाली एक पिस्टन असतो. इंजिनाच्या ओढीने तो वर-खाली होतो आणि हवा किती, पेट्रोल किती हे ठरवतो. पिस्टन आणि घुमट यांच्यात केसाएवढी फट. प्रत्येक पिस्टन आपापल्या घुमटाच्या मापाचा, दुसऱ्याकडे नांदत नाही. मी अंदाजाने जोड्या लावल्या. एक पिस्टन अडकला. एखाद्या अडाणी माणसानं इथे नुसती अदलाबदल करून पाहिली असती. मी आयटीआय केलेला. मी एमरी पेपर घेतला.

पंधरा मिनिटं घासला. पिस्टन छान हलायला लागला. जरा जास्तच छान.

उद्धवराव तेव्हा देऊळघाटला गेले होते, याच गाडीच्या मागच्या कमानपाट्यांना लोहाराकडून पाणी देऊन आणायला. ते येईपर्यंत मी हात धुऊन, निरागस चेहरा करून बसलो होतो.

हे उद्धवराव म्हणजे माझे उस्ताद. वय बासष्ट, मूळचे उंद्रीचे, शाळा सहावीपर्यंत. खामगावला एका टॅक्सीवाल्याकडे गाड्या पुसायला लागले आणि ॲम्बॅसिडरच्या पोटात चाळीस वर्षं राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण 'सात सोळा', 'नऊ सोळा' इंचाचे पाने त्यांचे हात न चुकता उचलतात. ज्या अपूर्णांकांनी मला सातवीत रडवलं त्यांच्यावर हा माणूस जेवतो. इंजिन चालू असताना कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि डोळे मिटलेले. नवीन माणसाला वाटतं, काकांना झोप लागली. गिऱ्हाइकाच्या गाडीत मात्र ते कधी बसत नाहीत. "आपुन बाहेरून आयकाचं," म्हणतात. "अंदर बसला का माणसाले गाडी चांगलीच वाटते."

ॲम्बॅसिडर गेल्या तशी गिऱ्हाइकं गेली. बोलेरोला लॅपटॉप जोडावा लागतो आणि उस्ताद लॅपटॉपकडे असं बघतात, जसं लग्नात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं. बुलढाण्यात चिखली रोडवरचं आमचं शटर एक मोबाईलवाला मागत होता. प्रेमलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, 'हो' म्हणून मोकळ्या झाल्या असत्या, पण तेवढ्यात ही गाडी आली.

गाडी देऊळघाटच्या देशमुखांची. वामनरावांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नागपूरच्या कुणा मिलच्या साहेबाकडून घेतलेली एमजी, दोन माणसांची, उघडी, लाल. तीस वर्षं गुरांच्या कोठ्यात कडब्यामागे उभी होती. त्यांचा नातू सौमित्र, पुण्यात शिकून आलेला, त्यानं ती बाहेर काढली. उस्तादांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या ॲम्बॅसिडरच्या इंजिनचं सख्खं भावंड आहे भाऊ. फक्त विलायतेत वाढलं."

ते खरंच होतं. दोन्ही इंजिनांचं घराणं एक. सहा आठवड्यांत उस्तादांनी हेड घासून घेतलं, टायमिंग बसवलं, मागच्या शॉकॲब्झॉर्बरमध्ये जाड तेल घातलं. सौमित्रला गाडी जमिनीला चिकटलेली हवी होती. उस्ताद म्हणाले, "आपल्या रोडावरचे गतिरोधक पाह्यले का?" आणि कमानीला एक पाटा वाढवला.

सौमित्रची अट सरळ होती. रविवारी सकाळी गाडी राजूरचा घाट खालपासून वरपर्यंत न थांबता चढली पाहिजे. चढली, तर त्याच्या ओळखीच्या पाच जणांच्या जुन्या गाड्या उस्तादांकडे येतील. बंद पडली, तर सोमवारी ती ट्रेलरवर चढून पुण्याला. आणि शटर मोबाईलवाल्याला. हे शेवटचं सौमित्रला माहीत नव्हतं. आम्हाला होतं.

आणि मी एमरी पेपर घेतला तो शनिवार होता, दुपारचे बारा.

उस्ताद कमानपाटे उतरवून आत आले. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. नखांत करडी भुकटी होती.

"काय घासलं बे?"

"काही नाही उस्ताद, जरा अडकत होता, तं..."

"कोनता?"

मी दाखवला. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुसले, आधी अदलाबदल करून खऱ्या जोड्या लावल्या, एक पिस्टन घुमटात घातला, भोक अंगठ्यानं बंद केलं आणि उलटा धरून घुमट आपोआप घसरू दिला. तोंडानं सेकंद मोजत होते. सहा. मग मी घासलेला. चार.

"सहा लागाले पाह्यजे," ते म्हणाले. "हा चारात येऊन राह्यला. एक बैल चाले, एक पळे. गाडी जाईन कुठी?"

"दुसरा मिळणार नाही?"

"मिळीन ना. इंग्लंडातून. महिन्याभरानं."

त्यांनी डबा उघडला, भाकरी खाल्ली. मला जेव म्हणाले नाहीत, म्हणून मी जेवलो नाही. जेवण झाल्यावर त्यांनी घासलेला पिस्टन बाजूला ठेवला आणि चांगला उचलला.

"चाल, उकंडरावकडं."

उकंडराव म्हणजे सराफा लाईनमधले सोनार. त्यांच्याकडे दागिन्याला चकाकी आणायला वापरतात तो लाल मसाला असतो, एमरीपेक्षा कितीतरी बारीक. तिथे पोचेपर्यंत मला कळलं नव्हतं उस्तादांच्या मनात काय आहे. त्यांनी तो मसाला मागितला, तेव्हा कळलं.

"उस्ताद, तो चांगला आहे. तोही खराब करता?"

"तुह्या पिस्टनले मी सहावर आणू शकत नाही. गेलेलं लोखंड..." मग थांबले, पिस्टन लोखंडाचा नव्हता. "गेलेली धातू वापस येत नाही. पन याले चारावर आणू शकतो. दोघं सारखे वाईट असले तं इंजिनले कळत नाही. एक चांगला न एक वाईट, हे तिले लगेच कळते."

"अन् जास्त गेला तर? साडेतीनवर आला तर?"

"मंग मोबाईल इकू."

उकंडरावांनी चष्मा वर करून विचारलं, "सोन्याचा आहे का काय?"

"त्याच्यापेक्षा म्हागाचा," उस्ताद म्हणाले. "आज तरी."

मऊ कापडावर तो मसाला घेऊन त्यांनी सुरुवात केली. दहा फेरे, पुसणं, घुमटात घालणं, उलटा धरणं. सहा. पुन्हा दहा फेरे. सहा. माझ्या हातात मोबाईलचं घड्याळ. आकडे मी वाचायचे, बाकी तोंड बंद ठेवायचं. पाच वाजले तेव्हा पाच पूर्णांक एक. इथून पुढे ते दहाऐवजी चार फेरे मारायला लागले. उकंडरावांचं दुकानात लक्षच नव्हतं. एक बाई बांगडी मोठी करून मागत होती, तिला म्हणाले, "थांबा बाई, इथं चार पूर्णांक सहा झालं."

चार पूर्णांक दोनला उस्ताद थांबले. कपाळाचा घाम डोळ्यात गेला होता, पुसायला हात रिकामा नव्हता. दोन फेरे. मी वाचलं, "चार."

पुन्हा केलं. चार. माझा केला. चार. सोनाराच्या काट्यावर दोन्ही तोलले, फरक गव्हाच्या दाण्याएवढा. उस्तादांनी दोन्ही कापडात गुंडाळले आणि खिशात नाही, हातात धरून गॅरेजला आणले. संध्याकाळी सगळं बसवून गाडी सुरू केली. नळी आधी एका तोंडाशी, मग दुसऱ्या. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

"एकच गाणं म्हणून राह्यले दोघंबी," ते म्हणाले. "पन आळशी झाले. ॲक्सिलेटरवरचा पाय पुरा सोडला का धपकन खाली बसतीन, न मंग लवकर उठनार नाही. घाटात भाऊनं पाय सोडाले नाही पाह्यजे. तू बस त्याच्याजवळ. सांगजो त्याले."

"मी? अन् त्यानं विचारलं काऊन, तर?"

"तं सांगजो काऊन."

रविवारी सकाळी उस्ताद माझी मोटारसायकल घेऊन घाटाच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि मी राजूर गावाबाहेर सौमित्रच्या शेजारी त्या उघड्या गाडीत बसलो. कुणाला वाटलं असतं नवरदेव चालला. माझ्या तोंडावर तसाच हळदीचा पिवळा रंग होता.

"रेडी?" सौमित्र म्हणाला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हाव."

पहिली तीन वळणं गाडी अशी गेली, की मला वाटलं सांगायची गरजच पडणार नाही. वळणावर मागचा भाग बसत होता आणि लगेच उचलत होता. तो वाढवलेला पाटा आपलं काम करत होता. सौमित्र हसत होता. चौथ्या वळणाला पुढे घाट चढणारी एसटी लागली. भरलेली, काळा धूर सोडणारी, पहिल्या गिअरमध्ये.

सौमित्रनं पाय सोडला.

इंजिन गुदमरलं. एक झटका, दुसरा. त्यानं पाय पुन्हा दाबला, तर गाडी पुढे जायच्या ऐवजी धापा टाकायला लागली. वेग माणूस चालतो तेवढा झाला. डाव्या हाताला दरी, मागे एक ट्रक हॉर्न देत होता.

"काय झालं हिला?"

"दुसरा गिअर टाका. अन् पाय पुरा सोडू नका, भाऊ. अर्ध्यावर धरून ठेवा."

"का?"

"पिस्टन घासलेले आहेत."

"कोणी?"

"एक मी. चुकून. दुसरा उस्तादांनी. मुद्दाम."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. घाटात ड्रायव्हरनं इतका वेळ शेजारी पाहू नये. "मुद्दाम?"

"रस्त्याकडं बघा. सारखे करायला. पाय धरा. क्लच हळू."

त्यानं मान रस्त्याकडे वळवली. जबडा घट्ट झाला, पण पाय अर्ध्यावर राहिला. गाडी एकदा कण्हली, मग तिचा आवाज हळूहळू भरत आला, एकसारखा. एसटीच्या धुरात आम्ही दोन वळणं काढली. तापमानाचा काटा चढत होता. मी त्याच्याकडे न बघायचं ठरवलं आणि तेवढंच बघत राहिलो. रुंद वळणावर एसटीवाल्यानं हात बाहेर काढून जा म्हटलं. सौमित्रनं पाय दाबला, हळू, उस्तादांनी दाबला असता तसा. लाल गाडी बसच्या खिडक्यांखालून निघाली. वरून एका पोरानं आमच्यावर शेंगांची टरफलं टाकली.

वर पोचलो तेव्हा मधे एकदाही थांबलो नव्हतो.

उस्ताद टपरीसमोर उभे होते. त्यांनी सौमित्रकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. चालू इंजिनाचं बॉनेट उघडलं, खिशातून नळी काढली, एक तोंड, दुसरं तोंड. मग बॉनेट लावलं.

सौमित्र उतरला. "काका, चांगला पिस्टन घासायच्या आधी मला एक फोन करायचा होता."

"केला असता, तं घासू देल्ला असता का तुमी?"

"नाही."

"म्हनून नाही केला."

सौमित्र गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मी मनात शटरवर मोबाईलच्या दुकानाची पाटी लावून पाहिली. चांगली दिसत नव्हती.

"इंग्लंडातून नवीन जोडी मागवतो," तो शेवटी म्हणाला. "बसवाल?"

"बसवीन."

"तोपर्यंत हीच चालेल ना?"

"पाय सोडू नका."

"अकोल्याचा एक जण आहे, स्पिटफायर गाडी आहे त्याच्याकडे. दोन कार्बोरेटर. पुढच्या आठवड्यात पाठवतो." मग माझ्याकडे बोट केलं. "याला दोन ट्रे घेऊन द्या."

तो एकटाच गाडी घेऊन बुलढाण्याकडे गेला. आवाज वळणाआड जाईपर्यंत उस्ताद ऐकत होते. मग मोटारसायकलीवर बसले आणि मला म्हणाले, "चाल. काकूले सांगू, शटर देत नाही म्हना."

टपरीवाल्या मंजुळाबाईंनी मला मागून हाक मारली.

"ओ भाऊ, तुमच्या या काकांचे चार चाहाचे चाळीस रुपये. पोट्टा आला का देईन म्हने."

"चार? ते तर चहा घेतच नाहीत."

"घेतले. पेला एकबी नाही. कप हातात घे, रोडाकडं कान कर, थंडा झाला का ठेवून दे. मंग म्हने, अजून एक द्या."

मी टपरीच्या फळीकडे पाहिलं. चार कप, चारींवर साय. खिशात हात घातला तर खिसा रिकामा, मोबाईल गॅरेजात. उस्तादांनी मोटारसायकल सुरू केली होती आणि इंजिन चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं.

मंजुळाबाईंना उद्या देतो म्हणालो. त्याला आता तीन महिने होत आले.