रस्त्यावर पालथी केलेली टोपली

माझी टोपली त्यांनी रस्त्यावर पालथी केली. श्रावणातला सोमवार होता. झेंडू, गुलाब, कण्हेर, बेलाची पानं, बांधून ठेवलेल्या पुड्या, सगळं डांबरावर. कॉलनीच्या चेअरमनसाहेबांनी चपलेच्या टोकाने फुलं पसरवून पाहिली. मग म्हणाले, "पदर झटक." मी झटकला. आजूबाजूच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. ज्यांच्या दाराच्या कडीला मी रोज सकाळी फुलपुडी अडकवत होते, ती सगळी माणसं बघत होती.

माझा गुन्हा एवढाच, की मी खरं बोलले होते.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला सासऱ्यांनी वाट्याने मळा केला होता. मूळ मालकाने प्लॉट पाडले, आमच्या गुलाबाच्या वाफ्यांवर बंगले उभे राहिले आणि आम्ही नाल्याकडच्या एका तुकड्यावर उरलो. तिथली फुलं, कमी पडली तर गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या फुलबाजारातून आणलेली, मी या बंगल्यांच्या कॉलनीत घालत होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मोटारसायकलवर येऊन बायांच्या गळ्यातलं ओढून नेणाऱ्यांनी तेव्हा शहरात उच्छाद मांडला होता.

त्या सकाळी मोटारसायकलवरची दोन पोरं माझ्याजवळ थांबली. मागच्याने विचारलं, "मावशी, मेन रोडला कुठून निघायचं?" मी हात करून दाखवलं. मी पुढच्या गल्लीत शिरते न शिरते तोच ओरडा झाला. कोपऱ्यातल्या बंगल्यातल्या आजी फिरायला निघाल्या होत्या. गळ्यातली पोत ओढली गेली, त्या पडल्या, मनगट मोडलं. मी धावले. त्यांना बसवलं, पाणी पाजलं. लोक जमल्यावर सांगितलं, की मागे बसलेल्याला मी जवळून पाहिलंय, त्याने मला रस्ता विचारला होता.

चेअरमनसाहेब म्हणाले, "म्हणजे चोराला वाट तूच दाखवलीस. टोपली खाली ठेव."

पुढचं वर सांगितलंच आहे. काही सापडलं नाही. "चला, काही नाही," म्हणून ते निघून गेले. मी पुड्या गोळा करायला वाकले, तर वरून एक बाई म्हणाली, "ती नको गं. खाली पडलेली फुलं देवाला चालत नाहीत. दुसरी आण." चांगल्या बाई होत्या, दिवाळीला साडी द्यायच्या. मी मळ्यात गेले, झाडं ओरबाडली आणि दुसरी फुलं आणून त्यांच्या दाराला लावली. दातओठ खात लावली, पण लावली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं व्हतं तोंड उघडायला? आपण पाह्यलं तरी नाय पाह्यलं." त्या वाईट नव्हत्या. आयुष्यभर हेच करून त्या जगल्या होत्या. मला मात्र तेव्हापासून घास गोड लागेना. चोरापेक्षा मला त्या गॅलऱ्यांचा राग जास्त होता.

दिवाळीनंतर दुसरीकडे चोरी करताना तीच पोरं पकडली गेली. कॉलनीने गणपतीच्या देवळाच्या हॉलमध्ये बैठक ठेवली. पोलीस येणार, सरकारी वकीलबाई येणार, कॉलनीच्या सुरक्षेचं ठरणार. वकीलबाईंच्या स्वागताला हार हवा होता. तो अर्थातच मी आणायचा. "हार देऊन लगेच नीघ, मीटिंग आहे," असा निरोप होता.

मी निघाले नाही. दारात, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. आत एकेक उपाय निघत होते. गेट बसवा. वॉचमन ठेवा. भाजीवाले, फुलवाले, कामवाल्या, सगळ्यांना पास द्या. नाल्याकडच्या घरांची पोलिसांकडे नोंद करा. हे आमच्याबद्दल चाललं होतं आणि माझा हार टेबलावर होता.

वकीलबाई किडकिडीत, चाळिशीच्या. बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "गेट जरूर बसवा. पण पोरं सापडलीत, त्यांना कोर्टात ओळखणार कोण? आजींचा चष्मा पडला होता, त्यांना चेहरा दिसला नाही. पोलीस पकडतात, मी उभी राहते आणि साक्षीला कोणीच येत नाही. पोरं सुटतात, परत तुमच्याच गल्लीत फिरतात. माझं काम तुमच्याशिवाय होत नाही. सांगा, कोणी पाहिलं?"

एकाला ब्लडप्रेशर आठवलं. एकाच्या मुलाचं परदेशी जायचं चाललं होतं, त्याला कोर्टकचेरी नको होती. बाकीचे पंख्याकडे बघत होते, आणि पंखा तर बंद होता.

"मी पाह्यलं," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. वकीलबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची आपली बॅग उचलून खाली ठेवली. "इथे बसा." मी बसले. टोपली मांडीवर घेऊन बसले.

"साक्ष देईन मी," मी म्हणाले, "पण पुरी देईन. त्या दिवशी माझी टोपली रस्त्यावर वतली, मला पदर झटकायला लावला, ते बी जबाबात आलं पाहिजे."

चेअरमनसाहेब हसले. "मॅडम, तो विषय जुना झाला. गैरसमज होता."

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला खोदून खोदून सगळं विचारलं. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे लपवलं तर केस पडेल. आरोपीचा वकील हेच काढणार. या बाईवरच संशय होता, स्वतःला वाचवायला ती दुसऱ्याचं नाव घेते, असं म्हणणार. त्यामुळे साहेब, तुम्ही कोर्टात या. टोपली मी तपासली, काहीही सापडलं नाही, एवढंच सांगा. तुमच्या साक्षीने यांची साक्ष पक्की होईल."

चेअरमनसाहेबांचा चेहरा उतरला. "मी क्लास वन ऑफिसर म्हणून रिटायर झालोय. फुलवालीची टोपली उपडी केली, हे मी कोर्टात उभं राहून सांगू?"

"केली तेव्हा कुठं उभे होते साहेब?" मी विचारलं.

ते काही कोर्टात आले नाहीत. सुरक्षा त्यांना हवी होती, पण माझी इज्जत परत देण्याच्या भावात नको होती. सासूबाईंनी म्हण काढली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हटलं, "मग मी येडीच बरी." पोलिसांनी जबाब घेतला. ओळख परेडमध्ये मी त्या पोराला ओळखलं. मग तारखा सुरू झाल्या. सीबीएसच्या बस स्टँडला उतरायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घेऊन परत. त्या प्रत्येक दिवशी कॉलनीची दारं पुडीविना राहिली. राहू दे म्हटलं.

शेवटी पुकारा झाला. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. वकीलबाईंनी चोराआधी टोपलीचंच विचारलं. मी सगळं सांगितलं. साहेबांचं नाव, बंगला, चपलेचं टोक, पदर, वर उभे असलेले लोक. न्यायाधीशांनी टायपिस्टला एकेक वाक्य घ्यायला लावलं. समोरच्या वकिलाने तोच प्रश्न राखून ठेवला होता, तो शिळा झाला. मग मी बोट केलं. "ह्याच पोरानं मला रस्ता विचारला."

पोराला शिक्षा झाली. कॉलनीत पेढे वाटले. चार दिवसांनी चेअरमनसाहेबांचा माणूस आला. रविवारी माझा सत्कार, शाल आणि श्रीफळ. जाता जाता म्हणाला, "हार तेवढा तूच घेऊन ये, त्याचे पैसे देतील."

मला हसू आलं आणि मस्तक फिरलं, दोन्ही एकदमच. मी म्हणाले, "सत्कार नको. जिथं टोपली वतली तिथं उभं राहून, गॅलऱ्या भरलेल्या असताना, साहेबांनी एवढंच म्हणावं, की हिच्या टोपलीत काही नव्हतं. शाल ठेवा तुमच्याकडं." ते अजून कोणी म्हटलेलं नाही. मी साहेबांच्या दाराची पुडी कायमची बंद केली.

आता कॉलनीला गेट आहे. साक्षीला पुढं या, हे सांगणाऱ्या वकीलबाईंच्या बैठका आमच्या नाल्याकडच्या वस्तीतही होतात आणि मी पुढच्या खुर्चीवर बसते. मध्ये एका कामवालीवर बांगडीचा आळ आला. गेटवर वॉचमन तिची पिशवी उघडायला लागले, तेव्हा मी आडवी गेले. त्यांना जे सांगितलं तेच आजही प्रत्येकाला सांगते. हात लावायचा तर आधी पोलीस बोलवा, पंच बोलवा. आणि काही सापडलं नाही, तर कोर्टात उभं राहून तसं सांगायची तयारी ठेवा. नसेल, तर पिशवी सोडा. मी इथून हलणार नाही.