विचारून टोचलेला कान

सायलीचा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत काउंटरवर होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाली. आणि वर, "तू एकटी येऊ नकोस, कुणालातरी बरोबर घे." मी कुणालाही घेतलं नाही. रत्नागिरी स्टँडवरून पावसची गाडी पकडली आणि खिडकीशी बसून राहिले. विलासदादा, माझा थोरला भाऊ, वर्षभर आजारीच होता. बातमी कधीतरी येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या गाडीत मला सारखा त्याचा उजवा हात दिसत होता. मनगटाच्या वर हिरवट पडलेलं गोंदण, दोन ओळी. वर 'विलास', खाली 'पावस'.

आमचे बाबा तांडेल, होडी त्यांच्या शब्दावर चालायची. दादा सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला देवीच्या जत्रेत नेलं आणि बॅटरीच्या मशीनने गोंदणाऱ्या माणसापुढे बसवलं. दादा सांगायचा, त्याला वाटलं होतं पाळण्यात बसायला चाललोय. बाबांनी त्याला मांडीत घट्ट धरला आणि हातावर नाव-गाव काढून घेतलं. वाडीतल्या बऱ्याच मुलग्यांच्या हातावर असं असायचं. मी मोठी झाल्यावर बाबांना म्हटलं, माझ्या हातावर का नाही काढलंत? तर म्हणाले, "तू काय दर्यात जाणार हायस?"

ते कशासाठी असतं हे दादाला नववीत असताना कळलं. वादळानंतर कुठल्यातरी होडीवरचा खलाशी आमच्या किनाऱ्याला लागला. चेहरा राहिला नव्हता. माणसं वाकून त्याचे हात बघत होती. दादा तिथे उभा होता. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने ताटावर हात पुढे धरला आणि विचारलं, "बाबा, ह्या एवढ्यासाठीच हाय ना?"

"हां," बाबा म्हणाले.

"म्हंजे तू मला तेवाच मेलेला धरलास."

"मेलेला कशाला धरू? गेलास तर आमाला गावावास म्हणून. बेवारशी म्हणून कुणी पुरायला नको."

"मला इचारलंस नाय."

"सा वर्साच्या पोराला काय इचारू? तू बुडालास तर काय करू, असा?"

आईने दोघांच्या ताटात भात वाढला आणि बोलणं तिथे थांबलं. दादा त्यानंतर होडीवर चढला नाही. बाबांनी समजावलं, चिडले, एकदा हातही उगारला. तो इंजिनाचं काम शिकला आणि जेटीपाशी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. बाबांना पुढे होडी विकावी लागली. त्या दोघांत भांडण असं नव्हतं, बाबांच्या शेवटच्या दुखण्यात दादानेच सगळं केलं. पण होडीचा विषय निघाला की एकजण उठून बाहेर जायचा... बहुतेक वेळा बाबा. मला दोघांचंही पटायचं, आजही पटतं. ज्याने दर्या बघितलाय त्याला बाबांची भीती कळेल. आणि आपल्या हातावर आपल्याच मरणाची सोय बघून त्या पोराला काय वाटलं असेल, तेही कळेल.

दादाला मात्र तेव्हापासून विचारायची सवय लागली. इंजिन उघडायच्या आधी तो मालकाला विचारायचा, "खोलू का?" मालक म्हणायचा, अरे त्यासाठीच आणलंय ना. तरी विचारायचा. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा मला पुढे शिकवायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, काका आले, मामा आले. मी आत भाकऱ्या थापत होते. दादा आत येऊन म्हणाला, "तुला जायचंय का?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन रत्नागिरीला कॉलेजात गेला. आमच्या वाडीतली पहिली बी.कॉम. मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

सायलीच्या बारशाला त्याच्या या सवयीने घर ढवळून काढलं. बारशालाच कान टोचायचे म्हणून सुमनवहिनीने सोन्याची तार करून ठेवली होती, सोनार घरी येऊन बसला होता. दादा म्हणाला, नको. का नको? तर तिला विचारलं नाही. आमची थोरली काकू पाळण्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "बारा दिवसांच्या पोरीला इचारणार काय रे? ती काय सांगल, डावा आधी टोच म्हणून?" सगळे हसले. दादाही हसला. पण म्हणाला, "बोलायला लागली की सांगेल."

मी त्याला मागच्या पडवीत नेलं. म्हटलं, "दादा, माझे कान टोचले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मला आठवतही नाही. काय बिघडलं माझं?"

"काय नाय बिघडलं. माझं तरी काय बिघडलंय? हात चालतोय की."

"मग परवा लस टोचली तेव्हा विचारलंस तिला?"

"लस नाय दिली तर ती आजारी पडंल. कान नाय टोचला तर काय पडंल?"

"वहिनीचं तोंड पडेल."

"ता पडलंच हाय," दादा म्हणाला.

सोनार चहा पिऊन गेला. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. मला दादाचं पटलं नव्हतं, हे स्पष्टच लिहिते. पुढे माझ्या दोन्ही मुलींचे कान मी बाराव्या दिवशी टोचून घेतले, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लहानपणी कान मऊ असतो, दुखणं लक्षात राहत नाही, आणि आईबापांनी सगळंच पोरांवर सोडलं तर पोरं आंघोळदेखील करणार नाहीत. दादा यावर म्हणायचा, "आंघोळ उद्या परत करता येते. भोक परत बुजवता येत नाय." आमचा हा वाद वर्षानुवर्षं चालला. कुणी हरलं नाही.

सायली तिसरी-चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच ठरला. सगळ्या मुलींना झुमके घालायचे होते. ती स्वतःहून म्हणाली, माझे कान टोचा. वहिनीला देव पावला. दादा तिला घेऊन सोनाराकडे गेला, मी बरोबर होते. दुकानात त्याने तिला परत विचारलं. ती हो म्हणाली. सोनाराने डावा कान टोचला आणि पोरीने अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. उजवीकडे सुई नेली तर तिने कान झाकला आणि म्हणाली, "नको. बस झालं."

सोनार म्हणाला, "अहो, एक केला की दुसरा करावाच लागतो. धरा जरा तिला."

दादाने धरलं नाही. म्हणाला, "नको म्हणतेय ती."

"एका कानाने मुलगी दिसणार कशी?"

"दिसेल. दुसरा पण हाय की कान, फक्त भोक नाय."

मीही म्हटलं, "दादा, एक मिनिटाचं काम आहे, उगाच तमाशा..." तो तिचा हात धरून दुकानाबाहेर पडला. घरी वहिनीने दोघांना दारातच बघितलं आणि कपाळाला हात लावला. गॅदरिंगला उजव्या कानात चापाचा झुमका लावला, तो नाचताना उडून पहिल्या रांगेत पडला. वाडीत सायलीला बरेच दिवस 'एककानी' म्हणायचे. ती चिडायची, पण दुसरा टोच असं काही म्हणाली नाही. कॉलेजात गेल्यावर एक दिवस मैत्रिणींबरोबर जाऊन उजवा कान टोचून आली, शिवाय डाव्या कानाला वर आणखी एक भोक. वहिनी बोलबोल बोलली. दादाने एवढंच विचारलं, "दुखलं काय गं?"

मागच्या वर्षी दादाचा पाय गेला. साखरेचं दुखणं होतंच. जेटीवर डाव्या पायात खिळा घुसला, त्याने लक्ष दिलं नाही. हॉस्पिटलात नेईपर्यंत पाय काळा पडला होता आणि त्याला भ्रम झाला होता. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल, आजच, नाहीतर विष अंगभर जाईल. वहिनी भिंतीला टेकून बसली. म्हणाली, मला काही विचारू नका. सही सायलीने करायची होती. ती त्याच्या कानाशी वाकून विचारत होती, "बाबा, पाय काढायचा म्हणतायत. काढू देऊ?" तो डोळे उघडे ठेवून भलतंच बोलत होता. होडीला दोर बांध म्हणत होता... ज्या होडीवर तो नववीनंतर चढला नव्हता.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "तो आता बारा दिवसांचा आहे असं समज. उत्तर मिळायचं नाही."

"आत्या, पाय त्यांचा आहे."

"आणि बाप तुझा आहे."

तिने सही केली. कुणावर न ढकलता, स्वतःचं पूर्ण नाव लिहून.

दादा शुद्धीवर आला, चादरीखाली बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज भरवत होते तेव्हा म्हणाला, "सही कुणी केली?" माझ्या तोंडात 'मी' आलं होतं. सायली खुर्चीतून म्हणाली, "मी."

"मला इचारलंस?"

"विचारलं. तुम्ही भानावर नव्हतात."

"थांबायचंस. मी नाय म्हटलं असतं."

"माहीत होतं," सायली म्हणाली. "म्हणूनच थांबले नाही."

मला वाटलं, आता हा बाबांसारखा उठून बाहेर जाईल. पण उठायला पाय नव्हता. मग त्याने तोंड उघडलं, म्हणून मी पेजेचा चमचा पुढे केला. त्या विषयावर तो पुढे कधी बोलला नाही. माफ केलं का, पटलं का, मला सांगता येणार नाही. घरी आल्यावर त्याचं ड्रेसिंग सायली करायची. वहिनी म्हणते, पट्टी सोडायच्या आधी ती रोज विचारायची, आणि तो रोज "सोड" म्हणायचा. कुबड्या घेऊन जेटीवरही जायला लागला होता. मग हृदयानेच दगा दिला.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. बाप्ये दादाला घेऊन निघाले, बायका वहिनीभोवती बसल्या. थोरली काकू आता पार वाकलीय, पण असली कामं वाडीत अजून तिच्याकडेच. तिने वहिनीचा हात मांडीवर घेतला, बांगड्यांना हात घातला... आणि थांबली. "सुमन, काढू काय गो?" म्हणाली. मग आमच्याकडे बघून जरा रागानेच, "असा बघताव काय? ह्या घरात इचाराय लागता."

वहिनीने आपला हात मागे घेतला. सगळा जन्म तिने नवऱ्याच्या या खोडीवर डोकं आपटून घेतलं होतं. म्हणाली, "बांगड्या माझ्या मी काढते. कुंकू असू दे."

"आणि मंगळसूत्र?"

"ते उद्या सांगते."

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. काकू दर चार-पाच दिवसांनी काठी टेकत येते, ओटीवर बसते, आणि विचारते, "काय गो, ठरला काय?" वहिनी आतून म्हणते, "नाही ठरलं अजून, काकू." मंगळसूत्र गळ्यात असतंच असं नाही. काही दिवशी असतं, काही दिवशी खुंटीवर. काकू ते बघते, चहा पिते, "बरा, मग सांग," म्हणते आणि जाते.